चार पांढऱ्या रेघा

गेल्या वर्षी सहामाहीच्या वह्या तपासताना मी एका मुलीच्या निबंधावर लाल रेघ मारली. विषय होता 'मी पाहिलेला कीटक'. आठवीचा वर्ग. बहुतेकांनी फुलपाखरू घेतलं होतं, काहींनी मुंगी. फुलपाखरू रंगीबेरंगी असते, मुंगी कष्टाळू असते, आणि शेवटी आपणही मुंगीसारखे कष्ट केले पाहिजेत. उर्दू माध्यमाची मुलं मराठीचा निबंध असाच लिहितात, कारण आम्हीच तो असा लिहायला शिकवतो.

या मुलीनं मात्र माशी घेतली होती. पेरूवर बसणारी बारीक माशी, तिळाएवढी. त्यात एक वाक्य होतं, 'तिच्या पाठीवर चार पांढऱ्या रेघा असतात.' मी त्याखाली रेघ ओढली, समासात लिहिलं, 'काल्पनिक माहिती लिहू नये', आणि दहापैकी चार गुण दिले.

दुसऱ्या दिवशी ती टेबलापाशी आली. "टीचर, मैं झूट नै लिखी." एवढंच बोलली. मी म्हटलं, जा, जागेवर बस.

तिचे अब्बा बोरीच्या बाजारात फळांचा गाडा लावतात. शाळा सुटली की ती गाड्यावर जाते आणि पुठ्ठ्याच्या तुकड्यानं माश्या हाकलते. म्हणजे त्या माश्यांशी तिचा जितका संबंध आला, तितका बोरीत दुसऱ्या कुणाचा आला नसेल. हे मला तेव्हा सुचलं नाही.

जानेवारीत एका दुपारी माझ्याच स्वयंपाकघरात जास्त पिकलेले चार पेरू परातीत पडून होते. खिडकीतून तिरपं ऊन येत होतं. एक माशी पेरूच्या फुटलेल्या सालीवर बसली आणि तिच्या पाठीवर काहीतरी चांदीसारखं चमकलं. मी चष्मा लावला, मग शाळेतून आणलेलं भिंग घेतलं. तांबूस डोळे, पिवळट तपकिरी अंग, आणि डोक्यापासून पाठीपर्यंत सरळ गेलेल्या पांढऱ्या रेघा, प्रत्येकीला काळी किनार. मोजल्या. चार.

मला त्या वेळी काय वाटलं ते लिहीत नाही. शिक्षकांना समजेल.

परभणीला माझा खालाजाद भाऊ प्राणिशास्त्र शिकवतो. त्याला फोटो पाठवले. तिकडे वर्गात ही गोष्ट फुटली होती आणि मुलीला आशा लागली होती, कारण सह्याद्रीत अमुक नवी जात सापडली अशा बातम्या पोरं वाचत असतात. "अपनी मक्खी नयी निकली तो नाम क्या रखना, टीचर?" ती विचारत होती. नावही तिनं ठरवून ठेवलं होतं. ते इथे सांगत नाही, ते तिचं आहे.

भावाचा उत्तराचा फोन आला. माशी नवी नाही. तिचं नाव झॅप्रिओनस इंडियानस. बनारस हिंदू विद्यापीठातले जे. पी. गुप्ता यांनी १९७० साली तिचं पहिलं शास्त्रीय वर्णन छापलं. त्या निबंधाचं शीर्षकच मुळी भारतातल्या एका नव्या जातीचं वर्णन असं आहे. त्यानं हेही सांगितलं की फोटोवरून जात पक्की सांगता येत नाही, त्यासाठी नर माशी सूक्ष्मदर्शकाखाली उघडून बघावी लागते. पण आपल्याकडच्या बाजारात कुजक्या फळांवर सगळीकडे असते ती हीच.

मी मुलीला सांगितलं. तिनं बोटांवर काहीतरी मोजलं आणि म्हणाली, "मतलब अब्बा पैदा होने के पहले का." चेहरा उतरला होता, पण रडली नाही.

वर्णन हा शब्द मी वीस वर्षं फळ्यावर लिहीत आले आहे. व्यक्तिवर्णन, प्रसंगवर्णन, निसर्गवर्णन. भावाशी झालेल्या त्या बोलण्यात पहिल्यांदा कळलं की प्राणिशास्त्रात हा शब्द कायद्यासारखा वापरतात. नुसती माशी सापडली म्हणून जात नवी होत नाही. ती आधी माहीत असलेल्या सगळ्या भावंडांपेक्षा कशात वेगळी आहे, हे लिहून छापावं लागतं. पुढच्या पायाच्या मांडीवर काटेरी केसांची रांग आहे का, रेघा किती, किनार कुठे रुंद आणि कुठे अरुंद. ज्या नमुन्यावरून लिहिलं तो ठरवून, सांभाळून ठेवावा लागतो, म्हणजे उद्या कुणी म्हणालं की हे खोटं आहे, तर त्याला तो काढून दाखवता येतो. सुंदर, घाणेरडी, कष्टाळू असले शब्द तिथे चालत नाहीत. आमच्या निबंधांत दुसरं काय असतं?

मुलीनं एक प्रश्न विचारला, तो मला फार आवडला. असं वर्णन मराठीत चालतं का? मी भावाला विचारलं, त्यानं नियमावली पाहिली. प्राण्याचं नाव लॅटिन अक्षरांत हवं, ही सक्ती आहे. वर्णनाच्या भाषेची सक्ती नाही. जगात जास्त लोक वाचतात अशी भाषा घ्यावी, एवढी शिफारस आहे. म्हणजे कायद्यानं मराठीत चालेल आणि उर्दूतही चालेल. वाचणार कोण, हा प्रश्न वेगळा, आणि तो आम्हा दोन्ही भाषांच्या शिक्षकांना नवा नाही.

माशी बघायची परंपरा मात्र आपल्याकडे जुनी आहे. बसऱ्याच्या अल-जाहिझनं नवव्या शतकात 'किताब-उल-हयवान' लिहिलं, त्यात माशीवर मोठं प्रकरण आहे. पुतळ्यासारखा निश्चल बसणारा एक काझी माशीपुढे कसा हरला, तो किस्सा त्यातलाच. माशी नाकावर बसली, तिथून डोळ्याच्या कोपऱ्यात गेली, आणि शेवटी काझीसाहेबांना भर दरबारात हात हलवावा लागला.

नाव नीट नसलं की काय होतं ते आमच्या भागातला शेतकरी रोज भोगतो. ज्वारीच्या कोवळ्या रोपाचा पोंगा वाळतो, तिला आपण खोडमाशी म्हणतो. सोयाबीनचं खोड चिरलं की आत लालसर नळी आणि त्यात अळी सापडते, तिलाही खोडमाशीच म्हणतो. पहिली घरमाशीच्या कुळातली, इटलीच्या रोंदानीनं १८७१ साली वर्णन केलेली. दुसरी पानं पोखरणाऱ्या माश्यांच्या कुळातली, त्सेन्टनरनं १९०० साली जावा बेटावरून वर्णन केलेली. दोघींचं नातं म्हणाल तर माशी म्हणून जेवढं असेल तेवढंच. ज्वारीच्या माशीला तर आपल्याच जुन्या पुस्तकांत बरीच वर्षं भलतीच शास्त्रीय नावं लागत होती. दुकानात जाऊन नुसतं 'खोडमाशीचं औषध द्या' म्हणणारा माणूस काय घेऊन येईल, हे दुकानदाराच्या मर्जीवर.

आता आमच्या माशीची पुढची गोष्ट. १९९९ साली ही ब्राझीलमध्ये साओ पाउलो राज्यात सापडली आणि अंजिराच्या बागांवर उतरली. अंजिराच्या तळाशी जे बारीक भोक असतं तिथे ती अंडी घालते, अळ्या आत शिरतात, फळ नासतं. २००५ मध्ये ती अमेरिकेत फ्लोरिडाला पोचली. तिकडे तिला म्हणतात आफ्रिकन अंजीरमाशी. नाव इंडियानस, हाक आफ्रिकन. आणि हाक बरोबर आहे, तिचं मूळ घर आफ्रिकाच. गुप्तांना ती भारतात भेटली म्हणून त्यांनी भारताचं नाव दिलं, त्यात त्यांची चूक नाही. २००८ मध्ये संशोधकांनी डीएनए तपासला, तेव्हा आफ्रिकेतल्या ज्या माश्यांना सगळे इंडियानस समजत होते त्यांतून आणखी दोन जाती वेगळ्या निघाल्या. दिसायला जवळजवळ सारख्या. त्यांतल्या एकीचं नाव आफ्रिकानस ठेवलं.

मला मराठीच्या प्रशिक्षणांत दर वेळी कुणीतरी विचारतं, तुमचं मराठी छान आहे, तुम्ही मूळच्या कुठल्या? मी सांगते, बोरीची. ते म्हणतात, हो, पण मूळच्या? माशीची गोष्ट वाचताना हे आठवलं आणि मी एकटीच हसले. अब्बा, दादा, परदादा सगळे इथल्याच मातीत आहेत. पण प्रशिक्षणाच्या चहाच्या सुट्टीत एवढं कोण सांगत बसणार.

सगळ्यात शेवटी भावानं जे सांगितलं, त्यानं माझी झोप उडाली. या माश्यांच्या कुळाच्या दोन शाखा आहेत. एक आफ्रिकेतली, एक आशियातली. आफ्रिकेतल्या शाखेच्या पाठीवर रेघा सम संख्येत असतात, आशियातल्या शाखेच्या पाठीवर विषम. म्हणजे ही माशी कुणाची नातेवाईक आणि तिचं घर कुठलं, ते त्या आकड्यात होतं. पोरीनं गाड्यावर पुठ्ठा हलवता हलवता तो आकडा बरोबर मोजला होता, मराठीत बरोबर लिहिला होता, आणि मी नेमका त्याच वाक्यावर लाल पेन चालवला होता.

सहामाहीचे गुण कधीच नोंदले गेले, ते आता बदलत नाहीत. मी तिची वही मागवली. 'काल्पनिक माहिती' खोडलं, खाली लिहिलं, 'निरीक्षण बरोबर आहे. शिक्षिकेची चूक', आणि वर्गासमोर वाचून दाखवलं. मुलं गप्प झाली, मग मागच्या बाकावरून एक जण म्हणाला, टीचर, मेरे भी नंबर देखो ना. तिनं वही दप्तरात ठेवली. खूष झाली का, ते मला कळलं नाही.

आता ती विषम रेघांची माशी शोधते आहे. गेल्या आठवड्यात प्लास्टिकच्या बाटलीत एक घेऊन आली, झाकणाला सुईनं भोकं पाडून. मधल्या सुट्टीत आम्ही दोघी खिडकीशी उभ्या राहून भिंगातून बघत होतो. तिला पाच दिसल्या, मला चार. माशी एका जागी बसेना, आणि तेवढ्यात घंटा झाली.