नळदुर्गचे पाणी

ईटसारख्या गावी, जेथे उन्हाळा लागताच विहिरीचा तळ दिसू लागतो, आयुष्य काढलेल्या आम्हांस नळदुर्गास गेल्यावर बुरुजांपेक्षा बोरी नदीवरील धरणच आधी दिसले, यात नवल ते काय?

हा दुर्ग नळराजाने वसविला अशी दंतकथा आहे; ती असो. विजापूरच्या आदिलशाहीत त्यास दगडी तट चढले, आणि दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाच्या अमदानीत, १६१३ च्या सुमारास, मुख्य किल्ला व पलीकडील रणमंडळ यांच्यामधून वाहणारी नदी अडविण्यात आली. बांध सुमारे ९० फूट उंच. शत्रूची वाट रोखावी, हा त्यातील एक हेतू उघड आहे. परंतु बांधणाऱ्यांनी तेवढ्यावर न थांबता बांधाच्या पोटातच पाणीमहाल बसविला. पावसाळ्यात 'नर' व 'मादी' या सांडव्यांवरून लोंढा कोसळतो आणि महालात उभा असलेला मनुष्य मात्र कोरडा राहतो! विलास म्हणावा तर हा विलासही हिशेबी गवंड्याचा आहे.

१९४८ च्या सप्टेंबरात हिंदी फौज हैदराबाद संस्थानात शिरली, तेव्हा येथील पूल तिने पहिल्याच दिवशी घेतला. तटांचा उपयोग तोवर सरला होता.

आम्ही गेलो ते वैशाखात. सांडवे सुके, पण बांधामागे हिरवट पाणी होते. सोबतचे वृद्ध शेतकरी महालाकडे न पाहता दगडांच्या सांध्यांवरून हात फिरवीत म्हणाले, "आपल्याकडे असा एक कुणी का नाही बांधला?" आम्हांस उत्तर सुचले नाही. ते खाली उतरून पाय धुऊन आले.