अपघातानंतरचे चौदा दिवस

टॅम्पात जूनपासून सप्टेंबरपर्यंत दुपारी आभाळ भरून येतं आणि बघता बघता रस्ते धुऊन निघतात. पहिल्या सरींबरोबर डांबरावर साचलेलं तेल वर येतं, आणि ब्रेक दाबला तरी गाडी घसरत पुढे जाते. फाउलर अॅव्हेन्यूवर किंवा ब्रूस बी. डाउन्स बुलेव्हार्डवर सिग्नलला उभ्या असलेल्या गाडीला मागून धडक बसते ती अनेकदा अशाच वेळी.

अशा धडकेनंतर मराठी माणूस आधी मागच्या सीटवरच्या मुलांकडे बघतो, मग बंपरकडे. स्वतःच्या मानेकडे बघायचं राहून जातं. पोलिसांनी विचारलं, अॅम्ब्युलन्स बोलवू का, तर उत्तर तयार असतं : नको, ठीक आहे. रात्री मानेला बाम लागतो, हळद घालून दूध प्यायलं जातं आणि सोमवारी माणूस लॅपटॉप उघडून कामाला बसतो. तिसऱ्या आठवड्यात मान वळेनाशी झाली की डॉक्टरची वेळ घेतली जाते. फ्लोरिडात तोवर फार उशीर झालेला असतो.

या राज्यात १ जानेवारी १९७२ पासून ‘नो-फॉल्ट’ पद्धत आहे. धडक कुणाच्याही चुकीने बसो, जखमी माणसाच्या उपचाराचा पहिला खर्च त्याच्या स्वतःच्या गाडीच्या विम्याने उचलायचा. या भागाला पर्सनल इंज्युरी प्रोटेक्शन म्हणतात, बोलताना नुसतं ‘पिप’. मर्यादा दहा हजार डॉलर. त्यातून वाजवी वैद्यकीय खर्चाचे ८० टक्के आणि बुडालेल्या पगाराचे ६० टक्के मिळतात. मात्र १ जानेवारी २०१३ पासून त्याला एक कडक अट आहे : अपघातापासून चौदा दिवसांच्या आत पहिली तपासणी झाली पाहिजे. पंधराव्या दिवशी गेलं तर पिपमधून उपचाराचा एक डॉलरही मिळत नाही. वर्षानुवर्षं हप्ते भरलेले असले तरी नाही.

ही पहिली तपासणी कुठे होते, यालाही महत्त्व आहे. हॉस्पिटलची इमर्जन्सी, एमडी किंवा डीओ डॉक्टर, दंतवैद्य, कायरोप्रॅक्टर किंवा अॅम्ब्युलन्समधल्या कर्मचाऱ्यांनी केलेले उपचार चालतात. मसाज आणि अॅक्युपंक्चरचे पैसे पिप देतच नाही. पूर्ण दहा हजार मिळायचे असतील तर इजा ‘इमर्जन्सी मेडिकल कंडिशन’ होती असा निष्कर्ष डॉक्टरने किंवा कायद्यात सांगितलेल्या अन्य वैद्यकीय व्यावसायिकाने नोंदवावा लागतो. कायरोप्रॅक्टरला तो अधिकार नाही. तशी नोंद नसेल तर मर्यादा अडीच हजारांवर येते, आणि अडीच हजार डॉलर म्हणजे इथल्या इमर्जन्सीत काही तासांचा खर्च.

आपल्या लोकांची एक समजूत इथे आडवी येते. ‘चूक त्याची, मग आपल्या विम्याला हात कशाला लावायचा?’ असं म्हणून कितीतरी जण समोरच्याच्या कंपनीच्या फोनची वाट बघत बसतात. पण फ्लोरिडात साधी खासगी गाडी चालवणाऱ्या बहुतेकांवर सक्ती आहे ती फक्त पिपची आणि दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीपोटी दहा हजार डॉलरच्या विम्याची. दुसऱ्या माणसाला झालेल्या इजेचा विमा घेणं त्यांना बंधनकारक नाही. म्हणजे ज्याच्या चुकीने आपली मान दुखावली, त्याच्याकडे आपल्या मानेसाठी एक पैचंही संरक्षण नसू शकतं, आणि तरीही तो कायद्याने बरोबर असतो. २०२१ साली विधिमंडळाने ही पद्धत मोडीत काढण्याचं विधेयक मंजूर केलं होतं. गव्हर्नर रॉन डीसँटिस यांनी त्यावर नकाराधिकार वापरला.

पैशाचा हिशेब एकीकडे. शरीराचं कारण त्याहून मोठं आहे. धडकेनंतर काही काळ अंगात अॅड्रेनलिन इतकं भरलेलं असतं की दुखणं जाणवतच नाही. मानेचे स्नायू आणि अस्थिबंध ताणले गेले असतील तर वेदना काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी डोकं वर काढते. मुका मार तर दिसतही नाही. सीट बेल्टने छातीवरून आणि ओटीपोटावरून तिरका निळसर पट्टा उमटला असेल, तर आतल्या आतड्याला किंवा प्लीहेला इजा झाली आहे का, हे डॉक्टरने बघायलाच हवं. बेल्टने जीव वाचवला म्हणून तो वळ किरकोळ ठरत नाही.

डोक्याच्या माराचं उदाहरण जगाने पाहिलं आहे. मार्च २००९ मध्ये अभिनेत्री नताशा रिचर्डसन कॅनडात स्कीइंग शिकताना साध्या उतारावर पडल्या. त्या बोलत होत्या, हसत होत्या, आलेली अॅम्ब्युलन्स परत गेली. थोड्या वेळाने डोकं दुखू लागलं. कवटीच्या आत रक्तस्राव होत होता. दोन दिवसांनी, वयाच्या ४५ व्या वर्षी, त्या गेल्या. गाडीच्या अपघातातही हेच होऊ शकतं : मधला काही वेळ माणूस अगदी ठणठणीत वाटतो. म्हणून वाढत जाणारी डोकेदुखी, उलटी, बोलण्यात गोंधळ, न आवरणारी झोप, हातापायाला मुंग्या, पोटात कळ यांपैकी काहीही दिसलं तर सकाळपर्यंत थांबायचं नाही, ९११ लावायचा. बिलाच्या धास्तीने दार टाळायचं कारण नाही. १९८६ च्या केंद्रीय कायद्यानुसार मेडिकेअरशी जोडलेल्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीला, पैसे असोत वा नसोत, आलेल्या माणसाला तपासावं आणि जिवावरचा धोका असेल तर त्याची प्रकृती स्थिर करावीच लागते. शहरात टॅम्पा जनरल हे पहिल्या श्रेणीचं ट्रॉमा सेंटर आहे.

आई-बाबा आलेले असतील तर काळजी दुप्पट घ्यावी. पुण्या-नागपूरहून येताना ते सहा महिन्यांच्या गोळ्या डब्यात घालून आणतात, आणि त्या डब्यात बऱ्याचदा इकोस्प्रिन किंवा क्लोपिडोग्रेल असतं. दोन्ही औषधं रक्त गोठू देत नाहीत. अशा माणसाच्या डोक्याला साधा धक्का बसला तरी डॉक्टर सीटी स्कॅनचा विचार करतात; पण औषध माहीत असेल तरच. ‘हृदयाची छोटी गोळी’ एवढं सांगून भागत नाही, पाकिटावरचं नाव दाखवावं लागतं. आणि ज्यांना खर्चाची भीती वाटते त्यांनी हेही लक्षात ठेवावं : मुलाच्या गाडीत बसलेल्या पाहुण्या आई-बाबांनाही साधारणपणे त्याच गाडीच्या पिपचं संरक्षण असतं. चौदा दिवस त्यांनाही लागू.

रस्त्यावर करायच्या गोष्टी थोड्या आहेत, पण क्रम महत्त्वाचा. जागा सोडून जायचं नाही. इजा झालेली असताना निघून जाणं हा गंभीर गुन्हा आहे. गाडी चालत असेल आणि वाहतूक अडत असेल तर ती कडेला घ्यायची. कुणाला इजा असेल किंवा नुकसान मोठं दिसत असेल तर पोलिसांना कळवायचं. फोटो काढायचे : दोन्ही गाड्या, नंबर प्लेट, सिग्नल, रस्त्यावरचं पाणी, समोरच्याचं लायसन्स आणि विम्याचं कार्ड. समोरच्याची विचारपूस जरूर करावी. फ्लोरिडाचा कायदा सहानुभूतीचे शब्द पुरावा मानत नाही. पण त्याच ओघात ‘चूक माझीच’ म्हटलं तर तेवढा भाग पुराव्यात येऊ शकतो. विमा कंपनीला लगेच कळवावं, मात्र समोरच्याच्या कंपनीला ध्वनिमुद्रित जबाब देण्याची घाई करू नये.

मग वकिलांचा प्रश्न येतो. आय-२७५ वर त्यांचे फलक एकामागून एक दिसतात. पण अपघातानंतर पहिले तीस दिवस जखमींना पत्र पाठवून अशील मिळवायला फ्लोरिडातल्या वकिलांना बंदी आहे. १९९५ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती पाच विरुद्ध चार मतांनी कायम ठेवली. म्हणून दुसऱ्याच दिवशी अनोळखी माणूस फोन करून ‘आमच्या क्लिनिकला या, बाकी आम्ही बघतो’ म्हणाला तर तो फोन ठेवून द्यावा. वकील लागलाच तर आपण शोधावा, पण फार थांबू नये : मार्च २०२३ पासून निष्काळजीपणाच्या दाव्याची मुदत चार वर्षांवरून दोन वर्षांवर आली आहे, आणि निम्म्याहून जास्त चूक स्वतःची ठरली तर भरपाई मिळत नाही.

या पावसाळ्याआधी एक काम घरबसल्या करता येईल. गाडीच्या पॉलिसीचं पहिलं पान उघडून ‘अनइन्शुअर्ड मोटरिस्ट’ ही ओळ शोधावी. इजेचा विमा नसलेल्या माणसाने धडक दिली तर पिपच्या पुढचा खर्च भागवायला हाच भाग कामी येतो. फ्लोरिडात तो नको असेल तर तसं लेखी द्यावं लागतं, आणि हप्ता कमी करण्याच्या नादात अनेकांनी त्या नकारावर कधीच सही करून टाकलेली असते. तशी सही झाली असेल तर एजंटला फोन करून तो भाग पुन्हा घालून घ्यावा, आई-बाबांचं विमान उतरण्याआधी.