तिरोड्याच्या रस्त्यावरचा राम राम

तिरोडा सोडून सुकडी डाकरामच्या रस्त्याला लागले की बाजाराचा गलबला मागे पडतो आणि दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या सुरू होतात. पहाटे साडेपाच-सहाच्या सुमारास या रस्त्यावर मोटारी थोड्या आणि सायकली अधिक असतात. दुधाच्या कॅन दोन्ही अंगांना लटकवलेला दूधवाला, कॅरिअरवर भाजीची टोपली आवळून बाजाराला निघालेला शेतकरी, हँडलला डबा अडकवून राइस मिलच्या पाळीला निघालेला मजूर. थोड्या वेळाने शाळेच्या मुली येतात. मानव विकास कार्यक्रमातून आमच्या जिल्ह्यात अनेक मुलींना सायकली मिळाल्या आणि तेव्हापासून सकाळच्या रस्त्याचे रूपच पालटले.

ही सर्व मंडळी एकमेकांना ओलांडताना काहीतरी देतात-घेतात. कोणी ‘राम राम जी’ म्हणतो, कोणी मान लववतो, कोणी हँडलवरचा हात न काढता नुसती दोन बोटे उचलतो. सायकलीचा वेगच असा असतो की समोरच्याचा चेहरा दिसतो, तो ओळखता येतो आणि एक शब्द बोलण्यापुरता अवधीही मिळतो. मोटारीत बसलेल्याला हे भाग्य नाही. या एका शब्दाच्या रीतीविषयी आज लिहावेसे वाटते. कारण ती रीत मी बाबूजींकडून शिकलो आणि एकदा ती मोडल्याचे मोलही मोजले.

या रस्त्यावर अभिवादनाचे शब्द अनेक आहेत. धानपट्ट्यातील पोवार, कुणबी शेतकरी ‘राम राम’ म्हणतो. नागझिऱ्याच्या जंगलाकडील गावांतले गोंड बांधव ‘जय सेवा’ म्हणतात. सुकडी डाकराम हे चक्रधर स्वामींच्या स्मृतीने महानुभाव पंथीयांना पवित्र असलेले स्थान. तेथे जाणारा-येणारा ‘दंडवत प्रणाम’ करतो. बौद्ध बांधव ‘जय भीम’ म्हणतात. बाजारपेठेतला एखादा व्यापारी ‘जय श्रीकृष्ण’ म्हणतो आणि आपल्या घरचा कोणी भेटला तर ‘जय जिनेंद्र’. सुकडीहून पुढे बोदलकशाच्या तलावापर्यंत गेलो, तर एका सकाळीच हे सारे शब्द कानी पडतात.

बाबूजींचे किराण्याचे दुकान होते. तिरोडा तेव्हा भंडारा जिल्ह्यात होते. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी झाला. कापणी-मळणीनंतर ते काळ्या, उंच सायकलवरून खेड्याखेड्यांत उधारीसाठी फिरत. कॅरिअरला कापडात बांधलेली वही, हँडलला पिशवी, मागच्या चाकाला डायनामो. ज्याने जो शब्द उच्चारला, त्याला बाबूजी तोच शब्द परत देत. ‘जय सेवा’ला ‘जय सेवा’, ‘जय भीम’ला ‘जय भीम’. बाजारातल्या एकाने त्यांना याबद्दल छेडले, तेव्हा ते एवढेच म्हणाले, “ज्या मापाने घेतले, त्याच मापाने परत करावे. यात विचारण्यासारखे काय आहे?”

त्यांच्या या साध्या वागण्याचा अर्थ मला पुष्कळ उशिरा कळला. आधी कोणी अभिवादन करायचे, हा प्रश्न आपल्या गावगाड्यात कधीच किरकोळ नव्हता. आदिवासी समाजात ‘जोहार’ आजही अभिमानाने घातला जातो. परंतु महार समाजाला हाच शब्द वरच्या म्हणवणाऱ्यांपुढे वाकून म्हणावा लागे. वरचा मान हलवी किंवा तेवढेही करीत नसे. पुढे सायकल आली, तेव्हा कित्येक गावांत मोठ्यांच्या दारावरून जाताना खालच्या मानलेल्या माणसाने सायकलवरून उतरून चालावे, अशीही सक्ती होती. हा वाकण्याचा शब्द टाकून ताठ मानेने एकमेकांना ‘जय भीम’ म्हणण्याची रीत रूढ करण्याचे श्रेय कामठीचे बाबू हरदास एल. एन. (१९०४-१९३९) यांना दिले जाते. कामठीला त्यांनी विडी कामगारांची संघटना उभारली होती. आपल्या भंडारा-गोंदिया पट्ट्यातही विड्या वळून पोट भरणारी घरे थोडी नव्हती. अशा घरातला माणूस समोरून सायकलवर येतो आणि दुकानदार त्याच्या तोंडून आधी राम राम निघण्याची वाट पाहतो, तेव्हा नकळत तो जुनाच हिशेब पुढे चालवीत असतो.

म्हणून बाबूजींचा पहिला नियम असा होता की, ज्याच्या सायकलीवर ओझे कमी, त्याने आधी बोलावे. भरलेल्या सायकलीचा तोल दोन्ही हातांनी सांभाळावा लागतो. त्या माणसाला हात उचलायला लावू नये. आपण बोललो की त्याने नुसती मान हलवली तरी पुरे. हा नियम बाबूजी धानाच्या पोत्याविषयी सांगत असत. पण तो कर्जाच्या ओझ्यालाही लागू होता, हे ते मुद्दाम सांगत नसत.

दुसरा नियम त्याहून कडक होता. रस्त्यावर उधारीचा शब्द काढायचा नाही. मागणे असेल तर त्याच्या घरी जावे, ओसरीवर बसावे, पाणी प्यावे आणि मग वही उघडावी. तो दुकानात आला तर बाजूला घेऊन सांगावे. रस्ता मात्र सर्वांचा. “वही कॅरिअरला बांधलेली असते, हँडलला नाही,” असे ते म्हणत.

मी बावीस-तेवीस वर्षांचा असताना हा दुसरा नियम मोडला. रोवणीचे दिवस होते. आमच्याकडून दोन वर्षे किराणा नेणारा एक शेतकरी समोरून सायकलवर येत होता. मागे कॅरिअरवर पऱ्ह्यांच्या पेंढ्या होत्या आणि नळीवर त्याचा आठ-नऊ वर्षांचा मुलगा बसला होता. त्याने लांबूनच हसून “राम राम सेठजी” म्हटले. मी राम राम केला नाही. सायकल आडवी घातल्यासारखी थांबवली आणि म्हणालो, “मागची बाकी कधी देणार?” तो उतरला. भरलेली सायकल चढावर एकदा थांबली की पुन्हा चालू करणे किती अवघड, हे ज्याने केले आहे त्यालाच ठाऊक. तो मुलाकडे पाहत म्हणाला, “धान निघू द्या जी, देतो.” मी पुढे निघालो. चार पैशांची गोष्ट वेळेवर बोललो, असेच मला वाटत होते.

धान निघाले आणि त्याने सारी बाकी आणून दिली. एक पैसाही ठेवला नाही. मात्र त्यानंतर तो आमच्या दुकानाची पायरी चढला नाही. रस्त्यावर माझी सायकल दिसली की तो आधीच्या पांदणीत वळे. पांदण जवळ नसेल तर उतरून चेन पाहत बसे. चेन उतरलेली नसे. मी जवळून जाई आणि तो खाली पाहत राही.

बाबूजींना हे कळले, तेव्हा ते रागावले नाहीत. म्हणाले, “आपली बाकी वसूल झाली, आता त्याची आपल्याकडे राहिली.” त्यानंतर कित्येक सकाळी ते त्याच रस्त्याने फिरायला गेले. तो चेन पाहत असला तरी ते जाताजाता “राम राम” म्हणत आणि न थांबता पुढे जात. काही महिन्यांनी त्याने त्यांना उत्तर दिले. मला मात्र कधीच नाही. दरवर्षी संवत्सरीला आम्ही नातलगांना, व्यापाऱ्यांना क्षमापनेची छापील पत्रे पाठवीत होतो. त्या यादीत कित्येक अशी नावे होती, ज्यांचा मी कोणताही अपराध केला नव्हता. ज्याचा केला होता, त्याचे घर सायकलच्या वाटेवर होते आणि मी तेथे गेलो नाही. तो गेला, तेव्हा मी परगावी होतो.

पुढे मीही स्कूटर घेतली, मग मोटार. राम राम आपोआपच संपला. काच वर असली की समोरून कोण गेले, हे कळतही नाही. पन्नाशी ओलांडल्यावर डॉक्टरांनी व्यायाम सांगितला, तेव्हा पुन्हा सायकल काढली. या वेळी गिअरची, हलकी, डोक्यावर हेल्मेट. तिरोड्यातील आणखी काही समवयस्क मिळाले. समोरून आमच्यासारखाच हेल्मेटवाला अनोळखी माणूस आला तरी आम्ही उत्साहाने हात उंचावत असू. एका सकाळी आमच्या मागून येणारा सोबती म्हणाला, “आपण त्याला हात केला, पण त्याच्या पुढे भाजीवाला होता, त्याला नाही केला.” खरे होते. तो गृहस्थ मौजेसाठी सायकल चालवीत होता आणि भाजीवाला पोटासाठी. आम्ही मौजेला ओळख दिली होती.

जगात जेथे जेथे छंद म्हणून सायकल चालवतात, तेथे एकमेकांना मान लववण्याची किंवा हात करण्याची पद्धत आढळते. उलट हॉलंडमधील शहरांत अवघे गावच सायकलवर असते. तेथे भेटणाऱ्या प्रत्येकाला अभिवादन करू म्हटले तर घरी पोचायचे नाही, आणि कोणी तशी अपेक्षाही करीत नाही. आमच्या तिरोड्यात या दोन्ही गोष्टी एकाच रस्त्यावर आहेत. बाजारात, स्टेशनजवळ गर्दीत कोणी कोणाला राम राम करीत नाही आणि त्यात उद्धटपणाही नाही. तेथे लक्ष चाकाकडे हवे. शेवटचे घर मागे पडले, रस्त्यावर माणसे विरळ झाली की अभिवादन सुरू होते. कारण तेथे शब्दाला काम असते. पंक्चर झाले, चेन तुटली, जंगलाच्या कडेला काही दिसले, तर हाच समोरचा माणूस उपयोगी पडणार असतो. बोदलकशाकडून येणारा राम राम म्हणता म्हणता “पुढं रस्त्यावर गिट्टी टाकली आहे, सांभाळून जा जी” असेही सांगून जातो.

बाबूजींचे बोलणे आणि या दोन फेऱ्यांतला अनुभव मिळून जी रीत मला कळली, ती घरातल्या मुलांना मी अशी सांगतो. समोरून येणाऱ्याला बोलावे. मागून येताना घंटी वाजवून राम राम करू नये, कारण घंटी म्हणजे ‘बाजूला हो’. ओलांडून पुढे गेल्यावर मागे वळून पाहत बोलू नये. तोल जातो आणि बोलण्यात अर्थही राहत नाही. चढावर भरलेल्या सायकलीला कधीही थांबवू नये. कितीही महत्त्वाचे काम असो. शाळेच्या मुली येत असतील तर आपण आपल्या बाजूला राहावे, वेग कमी करावा, मान लववावी आणि पुढे जावे. त्यांना उत्तर द्यायला लावू नये. रस्त्याने साधू-साध्वींचा विहार चालला असेल तर सायकलवरून उतरावे. गुरुजी किंवा घरचे वडीलधारे दिसले तरी उतरावे. उतरणे हे आपल्या मनाने असेल तरच तो आदर. दुसऱ्याने उतरवले तर तो अपमान होतो. आणि कोणी सायकल उलटी करून बसला असेल, तर त्याला नुसता राम राम करून जाऊ नये. आधी ब्रेक, मग “काय झालं जी, हवा पाहिजे का?” आणि राम राम निघताना.

आज या रस्त्यावर मोटारसायकली वाढल्या आहेत. तिरोड्याजवळ ३३०० मेगावॅटचा औष्णिक वीज प्रकल्प उभा राहिला आणि त्याच्या पाळ्यांबरोबर रस्त्याची वेळापत्रके बदलली. नळीवर बसलेला तो मुलगा आता मोठा झाला आहे. सकाळच्या पाळीला मोटारसायकलवरून जातो. त्याला ते सारे आठवते की नाही, हे मी कधी विचारले नाही. मात्र रोज तो दिसला की मी आधी राम राम म्हणतो. प्रारंभी तो नुसता निघून जाई. गेल्या पावसाळ्यापासून तो वेग थोडा कमी करतो आणि हँडलवरची दोन बोटे उचलतो.

आपल्यापैकी बहुतेकांची घरे व्यापाराची. वहीतली येणी-देणी आपण दिवाळीला नव्या पानावर नेतो आणि त्यात चूक होऊ देत नाही. गावाबाहेरच्या रस्त्यावरची येणी-देणी कोणत्या वहीत मांडावी, हे मला बाबूजींनी सांगितले नव्हते. ते सकाळी लवकर उठून नुसते त्या रस्त्याने जात होते. आपल्या गावाबाहेरही असा एखादा रस्ता असेलच. मुलांना कधीतरी मोटारीऐवजी सायकलवर तिकडे पाठवावे आणि समोरून जो कोणी येईल, त्याला आधी बोलायला सांगावे.