गाडीने हवा धरली

डिझेलच्या गाडीला ठिणगी लागत नाही. सिलिंडरमधील हवा इतकी दाबली जाते की ती तापून उठते, आणि तिच्यात फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. परंतु ज्या हवेवाचून ती चालत नाही, तीच हवा डिझेलच्या नळीत शिरली की गाडी जागच्या जागी गतप्राण होते. हवा दबते, डिझेल सहसा दबत नाही. मग पंपाने कितीही जोर केला तरी नोझलपर्यंत दाब पोहोचत नाही. चालक मंडळी याला ‘गाडीने हवा धरली’ असे म्हणतात.

अमरावती धर्मप्रांत १९५५ साली स्थापन झाला. अकोल्याच्या काळ्या, चिकट जमिनीपासून मेळघाटच्या कड्यांपर्यंत त्याचा पसारा आहे, आणि या मुलुखात जुनी डिझेल जीप ही चैनीची वस्तू कधीच नव्हती. १९९३ साली मेळघाटातील बालमृत्यूंनी सारा महाराष्ट्र हादरला. त्यानंतरच्या पावसाळ्यात आम्ही औषधांची खोकी घेऊन अकोल्याहून दर्यापूर, अंजनगाव, परतवाडा या वाटेने डोंगरात गेलो होतो. परतवाडा मागे पडले की परक्या देशात आल्यासारखे वाटते. कोरकू भाषा मुंडा कुळातली. आमची मराठी तिथे पाहुणी.

परतताना सेमाडोहच्या अलीकडील एका पाड्यावरून सिस्टरांनी एका बाळंतिणीला गाडीत घेतले. बाळ तीन दिवसांचे. आईचे अंग तापाने फणफणत होते. परतवाड्याच्या दवाखान्यात रात्रीपर्यंत पोहोचणे भाग होते. आणि घाटाच्या चढावर, संध्याकाळी पाचच्या सुमारास, इंजिन दोनदा अडखळून बंद पडले.

खाली कुठेही डिझेल सांडलेले नव्हते. टाकीत अर्ध्यापर्यंत डिझेल होते. आमच्या चालकदादांनी फिल्टरवरचा पेच सैल करून पंपाची दांडी हाताने हलवली, तेव्हा डिझेल येईना, नुसता फेस आला. “टाकी ते पंप या नळीत हवा शिरते जी,” ते म्हणाले. आम्हांला त्यांचा तर्क तेव्हा उमगला नाही. पुढच्या नळीत दाब असतो, ती फुटली तर डिझेल बाहेर गळते. मागच्या नळीत ओढ असते, तिला चीर पडली तर थेंबही गळत नाही, बाहेरची हवा मात्र आत ओढली जाते. चीर सापडली ती रबरी नळीच्या वाकणावर, नखाएवढी. दुसरी नळी जवळ नव्हती.

दीड तासात दोन गाड्या बाजूने गेल्या. (यरुशलेमहून यरीहोला जाणारा रस्ताही असाच उताराचा होता, हे त्या वेळी कोणीतरी बोलून दाखवले, आणि सिस्टरांनी त्याला गप्प केले.) मग पावसात भिजत एक कोरकू गृहस्थ सायकल हातात धरून आले. चालकदादांनी खुणेने नळी दाखवली. त्यांनी गाडीत डोकावून बाळंतिणीकडे पाहिले, सायकल आडवी केली आणि मागच्या चाकाची ट्यूब काढून दिली.

ट्यूबची दोन बोटे रुंद पट्टी ताणून नळीवर गुंडाळली, वर तार पिळली. ट्यूबचे रबर डिझेलमध्ये फुगते. कायमचा इलाज तो नव्हेच. पुन्हा पेच सैल, पुन्हा दांडी. फेस ओसरला, निर्मळ धार आली, पेच आवळला. नंतर नोझलच्या नळ्यांचे नट एकेक करून सैल करीत स्टार्टर मारला. आधी एक सिलिंडर बोलला, मग दुसरा. पांढरा धूर सोडत गाडी सुरू झाली.

सिस्टरांनी पुढे केलेल्या नोटा त्या गृहस्थांनी मोजल्या, एक परत केली आणि सायकल ढकलीत ते अंधारात निघून गेले.

१ एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या नव्या डिझेल गाड्यांत इंधनाचा दाब हजार बारच्याही वर जातो. तिथे नोझलचा नट सैल करणे म्हणजे जिवाशी खेळ. त्या कमी धूर सोडतात, हे चांगलेच. मात्र बिघाड शोधायला त्यांना यंत्र जोडावे लागते, आणि ते यंत्र घाटात नसते. मेळघाटात जाणाऱ्या आमच्या ओळखीच्या एका धर्मगुरूंनी म्हणूनच जुनी जीप मोडीत काढलेली नाही. तिच्या आसनाखाली दोन हात रबरी नळी, चार क्लिपा आणि सायकलची एक ट्यूब असते.

त्या रात्री आम्ही साडेनऊला परतवाड्यास पोहोचलो. बाळंतीण अकरा दिवस दवाखान्यात होती. बाराव्या दिवशी आई आणि बाळ एस. टी.ने घरी गेली.