कापसाचा भाव
‘गुलामगिरी’ शिकवताना मी अर्पणपत्रिकेपाशी हटकून थांबतो. १८७३ साली जोतीरावांनी ते पुस्तक अर्पण केले कुणाला, तर काळ्या गुलामांना दास्यातून सोडवणाऱ्या अमेरिकेतील लोकांना! आणि आमच्या मुंबईची तऱ्हा पहा. १८६१ मध्ये तिकडे यादवी पेटली, उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे कोंडली, लँकेशायरच्या गिरण्या कापसावाचून अडल्या. झाले, इकडच्या कापसाला सोन्याचे मोल आले! १८६५ च्या एप्रिलमध्ये सेनापती ली शरण गेला. सुमारे ४० लाख गुलामांच्या बेड्या तुटण्याची ती वार्ता. पण मुंबईत तिच्यामुळे पेढ्यांमागून पेढ्या बुडाल्या. प्रेमचंद रायचंदांसारखा मातबरही सुटला नाही. तत्पूर्वी त्यांनी विद्यापीठाला दिलेल्या देणगीतून राजाबाई टॉवर उभा राहिला. मुंबईस गेलो की मी माझे घड्याळ त्याच्याशी लावून घेतो.