पोपटाचा उष्टा पेरू आणि नंतरच्या बातम्या

मूल बोलत नाही म्हटल्यावर घरात पहिला उपाय कोणता झाला, असं आमच्या पिढीतल्या आयांना विचारा. निम्म्याजणी सांगतील, वेखंड. मधात उगाळून जिभेवर. दुसरा उपाय पोपटाच्या उष्ट्या पेरूचा. नव्वदच्या दशकातल्या डोंबिवलीत पोपट पाळणारं घर शोधायला लांब जावं लागत नसे. सासूबाई वाटीत पेरूची फोड घेऊन जायच्या, पोपटानं चोच मारली की पदराखाली झाकून आणायच्या आणि नातवाच्या तोंडाशी धरायच्या. तो फोड हुंगायचा आणि जमिनीवर ठेवून द्यायचा. त्याला फळं नकोच असत. दहीभात, शेंगदाणे वेचून काढलेले पोहे आणि बिस्किट, तेही कोपरा न तुटलेलं, एवढ्यावर त्याचं चालायचं.

सासूबाईंना मी आजही हसत नाही. त्या पोपटाकडे जात होत्या, आम्ही डॉक्टरांकडे, आणि दोघींनाही सारखंच उत्तर मिळत होतं. “वहिनी, मुलगे उशिराच बोलतात हो.” प्रत्येक घरात असा एक काका असतोच, जो पाच वर्षांचा होईपर्यंत बोलला नाही आणि आज बँकेत मॅनेजर आहे. आमच्या यजमानांचे काका होते, शेजारच्या जोशीकाकूंचे मामा होते. या सगळ्या काकामामांच्या भरवशावर आमच्या मुलांची दोन-दोन वर्षं गेली.

मग कान तपासायचे. हाक मारली तर वळून बघत नाही म्हणजे ऐकू येत नसणार, असा सरळ हिशेब. वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेच्या बाकांवर आमच्यातल्या कितीतरी जणी एकमेकींना पहिल्यांदा भेटल्या. बेरा नावाची तपासणी असते, तिला मूल गाढ झोपलेलं लागतं. आदल्या रात्री जागवायचं, सकाळी लोकलच्या गर्दीतून आणायचं, गुंगीचं औषध पाजायचं आणि तरी मूल टक्क जागं. शेवटी कळायचं की कान उत्तम आहेत. खरं तर ते आम्हाला ठाऊक होतंच. हाकेला ओ न देणारा पोरगा तीन खोल्या पलीकडे बिस्किटाचा पुडा फुटला की धावत यायचा, आणि कुकरची शिट्टी व्हायच्या आधीच, नुसत्या वाफेच्या फुसफुशीवर, कान दाबून कॉटखाली शिरायचा. गणपतीचे दहा दिवस म्हणजे आमच्यासाठी परीक्षाच. गल्लीत ताशा वाजायला लागला की खिडक्या बंद, पंखा फुल, कानांत कापूस.

‘ऑटिझम’ हे नाव बहुतेकांना कानांच्या तपासणीनंतर, तिसऱ्या-चौथ्या डॉक्टरांकडे ऐकायला मिळालं. मराठीत स्वमग्नता म्हणायला लोक नंतर लागले. तोवर नातेवाइकांना समजवायचं कसं? ‘चौकट राजा’ १९९१ साली आला होता, दिलीप प्रभावळकरांचा नंदू सगळ्यांच्या डोळ्यांसमोर ताजा. “म्हणजे तसंच ना?” असं विचारायचे. तसं नव्हतं, पण नाही म्हटलं की पुढे काय सांगायचं, हा प्रश्न. इंग्रजी सिनेमे बघणारे १९८८ चा ‘रेन मॅन’ सांगायचे आणि लगेच मुलाकडे वळायचे, “मग ह्याला काय येतं? तारखेवरून वार सांगतो का?” जादूचा प्रयोग बघायला आल्यासारखे. पुढे २००७ साली ‘तारे जमीं पर’ आला तेव्हा सगळ्या सोसायटीचं मत बदललं, आमच्या मुलांना आता तो आजार झाला. त्या सिनेमातला मुलगा डिस्लेक्सियाचा. असो. निदान त्या वर्षी लोकांच्या नजरेत कीव कमी होती.

आमच्या लेकाला येत होत्या त्या बातम्या. दूरदर्शनवरच्या संध्याकाळच्या सातच्या मराठी बातम्या. नमस्कारापासून हवामानापर्यंत, वृत्तनिवेदिका जिथे श्वास घ्यायची तिथेच श्वास घेऊन, तो अख्खं बातमीपत्र दुसऱ्या दिवशी जेवताना म्हणायचा. लातूरच्या भूकंपाची बातमी आमच्या घरात महिनोन्महिने चालू होती. आणि तहान लागली तर ‘पाणी’ म्हणता येत नसे, माझा हात धरून माठाकडे न्यायचा.

खऱ्या बातम्या मात्र परदेशातून यायच्या, आणि आल्या की थेट स्वयंपाकघरात शिरायच्या. आमच्या आधीच्या आयांच्या वाट्याला सगळ्यात वाईट बातमी आली होती. लिओ कॅनर यांनी १९४३ साली अकरा मुलांचं वर्णन करून या अवस्थेला नाव दिलं, आणि पुढची वीसेक वर्षं अमेरिकेतले मोठमोठे तज्ज्ञ सांगत राहिले की आईच्या थंडपणामुळे मूल असं होतं. ब्रूनो बेटलहाइम यांचं १९६७ चं पुस्तक त्यासाठीच गाजलं. त्याच्या तीन वर्षं आधी बर्नार्ड रिमलँड यांनी, ते मानसशास्त्रज्ञ होते आणि अशाच मुलाचे वडीलही, पुस्तक लिहून ही अवस्था मेंदूच्या जडणघडणीतून येते असं मांडलं होतं. पण दोष लवकर पुसला जात नाही. आमच्या वेळीही एखादे वयस्कर डॉक्टर चष्म्यावरून बघत विचारायचेच, “नोकरी करता का हो तुम्ही?” पुढचं त्यांना बोलावं लागत नसे. त्या एका प्रश्नावर आमच्यातल्या किती बायकांनी नोकऱ्या सोडल्या, ते कुणी मोजलेलं नाही. एकत्र कुटुंबात तर मूल दिवसभर कुणाच्या ना कुणाच्या कडेवर असायचं. दोन आज्या, दोन आत्या, एक काकू. एवढ्या सगळ्याजणी एकदम थंड झाल्या होत्या की काय?

मग १९९८. एका वर्षात दोन बातम्या. फेब्रुवारीत ‘लॅन्सेट’मध्ये अँड्र्यू वेकफील्ड यांचा लेख आला, बारा मुलांवरचा, गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लशीकडे बोट दाखवणारा. शरद ऋतूत अमेरिकेच्या टीव्हीवर सेक्रेटिन नावाच्या संप्रेरकाचं इंजेक्शन घेतल्यावर एक मुलगा बोलायला लागल्याची गोष्ट झळकली. सायबर कॅफेत तासाच्या भाड्यानं बसून ज्यांनी प्रिंटआउट काढले, त्यांच्याकडून ते झेरॉक्स होत होत आमच्यापर्यंत आले, अक्षरं पुसट होईपर्यंत. अमेरिकेत असलेल्या भाच्यांना पत्रं गेली, इंजेक्शन पाठवता येईल का म्हणून. पुढच्याच वर्षी चाचणी झाली आणि सेक्रेटिन नुसत्या मिठाच्या पाण्याच्या इंजेक्शनपेक्षा सरस ठरलं नाही. ती बातमी टीव्हीवर तेवढ्या जोरात आली नाही.

लशीचं प्रकरण जास्त चिवट. आपल्याकडे सरकारी दवाखान्यात तेव्हा नऊ महिन्यांना फक्त गोवराची लस मिळायची. ती तीन रोगांची लस खासगी बालरोगतज्ज्ञांकडे पैसे मोजून घ्यावी लागायची. म्हणजे ज्यांनी पोटाला चिमटा काढून महाग लस टोचून घेतली, त्यांनाच रात्री झोप लागेना. आमच्या आयांच्या गटात एका गिरणी कामगाराचा मुलगा होता, त्याला म्युनिसिपालिटीच्या दवाखान्यातली तेवढी गोवराची लस मिळालेली, ती महागडी लस कधी टोचलीच नव्हती. तो माझ्या लेकासारखाच बोटं डोळ्यांसमोर नाचवायचा. मला त्या मुलाकडे बघून जे कळलं, ते जगाला कळायला बरंच लांबचं गणित करावं लागलं. डेन्मार्कमध्ये पाच लाखांहून जास्त मुलं तपासून २००२ साली, आणि पुन्हा साडेसहा लाखांहून जास्त मुलं तपासून २०१९ साली सांगितलं गेलं की संबंध नाही. वेकफील्डचा लेख २०१० मध्ये मागे घेतला गेला, त्याच वर्षी ब्रिटनच्या वैद्यकीय नोंदवहीतून त्यांचं नावही काढलं. तरी २०१८ च्या नोव्हेंबरात महाराष्ट्रात शाळाशाळांतून गोवर-रुबेलाची मोहीम आली, तेव्हा व्हॉट्सअॅपवर तीच भीती नव्या कपड्यांत हजर. आमच्या गटातल्या आयांनी तेव्हा शेजारपाजारच्या सुनांना हात धरून लस द्यायला नेलं. हे सांगताना मला अजूनही थोडा गर्व वाटतो.

आणि पथ्य! गहू बंद, दूध बंद. गव्हातलं ग्लुटेन आणि दुधातलं केसिन पोटातून मेंदूवर परिणाम करतं, असा सिद्धांत. मराठी घराला गहू सोडणं तसं जड नाही, ज्वारी-नाचणी-तांदूळ आहेतच. भाजणीतले गहू वगळून मी वेगळी भाजणी दळून आणली, गिरणीवाल्याला आधी जातं साफ करायला लावून. तो माझ्याकडे बघत राहिला. पण दूध? माझा लेक दहीभातावर जगणारा. दही बंद केलं त्या दिवसापासून त्यानं जेवणच बंद केलं. नारळाच्या दुधाचं विरजण लावून बघितलं, शेंगदाण्याचं दूध काढलं. तूप चालतं की नाही यावर गटाच्या रविवारच्या बैठकीत दोन तट पडले, कढवताना बेरीबरोबर केसिन निघून जातं म्हणणारे आणि न म्हणणारे. पोराचं वजन उतरायला लागलं तेव्हा सासूबाईंनी एक दिवस मला काही न विचारता दहीभात कालवला आणि समोर ठेवला. पथ्य तिथे संपलं. पुढे चाचण्यांमध्येही त्याचा ठोस फायदा दिसला नाही. पण तोवर माझ्या काही मैत्रिणींच्या मुलांची अख्खी बालपणं वाढदिवसाच्या केकविना गेली होती.

ज्यांनी खरंच काही बदललं त्या गोष्टींची बातमी कधी झाली नाही. दिल्लीत मेरी बरुआ यांनी १९९१ साली ‘अॅक्शन फॉर ऑटिझम’ सुरू केली, त्याही अशाच मुलाची आई. त्यांच्या नियतकालिकाचा एक अंक आमच्या गटात हातोहात फिरायचा. मुंबईत २००१ पासून ‘उम्मीद’ हे बालविकास केंद्र उभं राहिलं. त्याआधी आणि नंतरही, कुणाच्या तरी हॉलमध्ये सतरंजीवर बसून आम्ही कॅलेंडरं कापत होतो. साबणाच्या वेष्टनावरचं चित्र म्हणजे आंघोळ, बसच्या तिकिटाचा तुकडा म्हणजे बाहेर जायचं. झेरॉक्सवाल्याकडे लॅमिनेट करून भिंतीवर ओळीनं लावायचं. सकाळी उठल्यावर दिवसात काय काय होणार ते माझ्या लेकाला भिंतीवर दिसायला लागलं आणि त्याचं डोकं आपटणं उतरलं. माठाचं चित्र उचलून त्यानं पहिल्यांदा माझ्या हातात दिलं, तेव्हा घरात मी एकटीच होते. मी पाणी दिलं. त्यानं ते न पिता दुसऱ्यांदा तेच चित्र दिलं. संध्याकाळपर्यंत आम्ही दोघं तेच करत होतो.

कायद्याच्या दरबारात आमची मुलं फार उशिरा जन्मली. १९९५ च्या अपंग कायद्यात सात प्रकार होते, स्वमग्नता त्यांत नव्हती. म्हणून प्रमाणपत्र घ्यायचं ते मतिमंदत्वाचं. बुद्ध्यांक जास्त भरला तर तेही नाही. मुलगा चाचणीत चांगलं करू नये अशी मनातून प्रार्थना करणाऱ्या आया मी त्या रांगेत पाहिल्या आहेत. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात स्वमग्नतेचं नाव आलं, आणि २०१६ च्या कायद्यानं एकवीस प्रकारांत तिला जागा दिली. तोवर आमची मुलं मिशा फुटून दाढी करायला लागली होती.

२०२५ च्या सप्टेंबरपासून फोन पुन्हा वाजायला लागले. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी गरोदरपणातल्या पॅरासिटामॉलकडे बोट दाखवलं. माझी भाची, तिचा मुलगा तीन वर्षांचा, नुकतंच निदान झालेलं, रात्री साडेअकराला विचारते, “मावशी, सातव्या महिन्यात मला ताप होता, मी दोन गोळ्या घेतल्या होत्या. आई म्हणते, तेव्हाच सांगितलं होतं नको म्हणून.” तिला मी स्वीडनचा अभ्यास सांगितला, २०२४ चा. जवळजवळ पंचवीस लाख मुलं; भावंडांची भावंडांशी तुलना केल्यावर त्या गोळीचा काही संबंध उरला नाही. शिवाय गरोदरपणात अंगात ताप तसाच राहू देणं बाळाला बरं नाही, तेही सांगितलं. आकडे तिनं ऐकून घेतले. मग म्हणाली, “पण आईला कोण सांगणार?” दुसऱ्या दिवशी तिच्या आईला, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीला, मी फोन केला आणि चांगलं अर्धा तास बोलले. काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

थंड आई, नोकरी करणारी आई, लस टोचून घेणारी आई, पोळी खाऊ घालणारी आई, मोबाईल हातात देणारी आई, आता गोळी घेणारी आई. साठ-सत्तर वर्षांत बाप एकदाही आला नाही या यादीत. आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे हे जुळ्यांच्या अभ्यासांतून केव्हाच पुढे आलंय, आणि त्यात बापाची बाजूही येते. पण काका उशिरा बोलले ही गोष्ट आम्हाला धीर द्यायला वापरली गेली, तिचा दुसरा अर्थ कुणी काढला नाही.

भीतीच्या शेजारी धंदाही असतोच. भाचीला पहिल्या आठवड्यातच कुणीतरी मूलपेशींच्या उपचाराचं माहितीपत्रक दिलं, काही लाखांचं. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नीतिमंडळानं २०२२ मध्येच त्याविरुद्ध मत दिलंय, हे त्या पत्रकात कुठून असणार? तिला म्हटलं, ते पैसे ठेव. मुलगा अठरा वर्षांचा झाला की लागतील.

कारण अमेरिकेत एकतीस मुलांमागे एक स्वमग्न, हा आकडा २०२५ मध्ये सगळीकडे छापून आला, तो आठ वर्षांच्या मुलांचा. आमची मुलं तिशीत आहेत. रविवारची बैठक अजून भरते, सतरंजीवर बसता येत नाही म्हणून खुर्च्या आल्यात. दोन खुर्च्या या वर्षी रिकाम्या झाल्या. अठरा वर्षं पूर्ण झाली की कायद्यानं आईबाप आपोआप पालक राहत नाहीत, जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडे अर्ज करून पालकत्व घ्यावं लागतं. ते आम्ही बहुतेकांनी घेतलं. आता दुसरा पालक कोण, हा रकाना. मुलाच्या ताईचं नाव घालायचं तर ती टोरांटोला. भाचा हो म्हणतो, भाच्याची बायको गप्प बसते. आमच्यातल्या सहाजणांनी मिळून घर घ्यायचं ठरत आलंय, कर्जतच्या बाजूला की बदलापूरलाच, यावर मागच्या रविवारी आवाज चढले. रात्रपाळीला माणूस मिळेल का, ट्रस्ट करायचा की सोसायटी, जमीन कुणाच्या नावावर. आणि कुकर तिथे स्वयंपाकघरात ठेवायचा की बाहेर शेडमध्ये, कारण सहांपैकी चौघांना शिट्टी चालत नाही. शेडवर एकमत झालं. बाकीचं पुढच्या रविवारी.