बोर्डिंगांचं कोल्हापूर

मालवणहून परतताना आम्ही मुद्दाम फोंडा घाटाचा रस्ता धरला. सुट्टीच्या प्रवासातला शेवटचा मुक्काम कोल्हापुरात करायचा, हे घरून निघतानाच ठरलं होतं. मी आणि माझा नवरा, दोघंही शिवाजी विद्यापीठाचे विद्यार्थी. मुलांनी आमचं हे कॉलेजचं गाव आजवर नुसतं ऐकलेलं.

घाट चढून आलं की दाजीपूरचं गव्यांचं जंगल लागतं आणि मग राधानगरी. धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे पाणी ठरावीक पातळीला पोचलं की आपोआप उघडतात, हे ऐकून धाकट्याने तिथून हलायला नकार दिला. कोल्हापूर संस्थानच्या शाहू महाराजांनी या धरणाचं काम विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सुरू केलं. ते पुरं झालं स्वातंत्र्यानंतर. पुढे भोगावतीच्या खोऱ्यात दोन्ही बाजूंना ऊसच ऊस. एका गुऱ्हाळावर थांबून गरम गूळ खाल्ला, काकवीची बाटली घेतली.

थोरली यंदा बारावी देतेय. पुढच्या वर्षी ती घर सोडून शिकायला जाईल. गाडी कोल्हापूरकडे निघाल्यावर तिने विचारलं, "आई, तुम्ही राहत कुठं होता? आणि जेवणाचं काय?"

या दोन प्रश्नांची उत्तरं शोधतच कोल्हापूर शिक्षणाचं गाव झालं. म्हणून मुलांना आधी अंबाबाईच्या देवळात न नेता दसरा चौकात नेलं.

चौकात शाहू महाराजांचा पुतळा आहे. दसऱ्याला इथेच सीमोल्लंघन होतं, सोनं लुटलं जातं. पण मला मुलांना दाखवायची होती ती इथली बोर्डिंगं. मुस्लिम बोर्डिंग याच चौकात, दिगंबर जैन बोर्डिंगही इथेच. कोल्हापुरात वसतिगृह असं फारसं कुणी म्हणत नाही, बोर्डिंगच म्हणतात.

राजाराम कॉलेज 1880 साली सुरू झालं. गोपाळ कृष्ण गोखले काही काळ तिथे शिकले. म्हणजे कॉलेज होतं, चांगले शिक्षक होते. पण खेड्यातल्या शेतकऱ्याच्या, कारागिराच्या मुलाने शहरात येऊन राहायचं कुठे? नातेवाईक शहरात नाहीत, खोलीला पैसे नाहीत आणि काही जातींच्या मुलांना तर पैसे असूनही कुणी खोली देणार नाही. 1894 मध्ये गादीवर आलेल्या शाहू महाराजांनी ही अडचण नेमकी ओळखली. 1896 मध्ये त्यांनी सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी एक वसतिगृह काढलं. ते सगळ्यांचं राहिलं नाही. बहुजनांची मुलं तिथे टिकेनात. तेव्हा त्यांनी वेगळा मार्ग धरला: प्रत्येक समाजाने आपलं वसतिगृह काढावं, चालवावं, जागा, इमारत, उत्पन्न यांसाठी दरबार पाठीशी राहील. 1901 मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग आणि जैन बोर्डिंग उभी राहिली, 1906 मध्ये मुस्लिम बोर्डिंग, 1907 मध्ये लिंगायतांचं. 1908 मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. पुढे नामदेव शिंपी, दैवज्ञ, सारस्वत अशी यादी वाढतच गेली.

"जातीजातींची वेगळी? हे बरं नाही वाटत," थोरली म्हणाली.

तिचं वाटणं रास्त आहे. पण सगळ्यांसाठी एकच घर काढून पाहिल्यावर, तिथे कोण राहतं आणि कोण निघून जातं हे डोळ्यांनी बघून घेतलेला हा निर्णय होता. 26 जुलै 1902 रोजी महाराजांनी संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या. त्या जागा भरायला शिकलेली मुलं हवीत, आणि मुलं शिकायची तर त्यांना आधी शहरात टेकायला जागा हवी. राखीव जागांच्या हुकमाबद्दल आपण पुष्कळ बोलतो, बोर्डिंगांबद्दल फार कमी. मला या दोन गोष्टी वेगळ्या करताच येत नाहीत. जातीच्या भिंती त्यांना मान्य होत्या असंही कुणी समजू नये. गंगाराम कांबळे या अस्पृश्य मानलेल्या माणसाला हॉटेल काढायला मदत करून महाराज स्वतः तिथला चहा पीत, बरोबरच्यांनाही पाजत.

जैन बोर्डिंगमध्ये राहून शिकलेला एक विद्यार्थी म्हणजे भाऊराव पाटील. त्यांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, आणि साताऱ्याला सगळ्या जातिधर्मांच्या मुलांना एका पंगतीत बसवणारं वसतिगृह चालवलं. 1927 मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला नाव दिलं गेलं छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस. 1896 मध्ये जे साधलं नाही, ते असं पुढच्या पिढीत साधलं. हे सांगितल्यावर थोरली गप्प झाली आणि मुस्लिम बोर्डिंगची पाटी पुन्हा वाचायला गेली.

दुपारी विद्यापीठात गेलो. 18 नोव्हेंबर 1962 रोजी राष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. मुख्य इमारतीसमोरचा शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा, मागे मोकळं आभाळ. ते दृश्य आजही तसंच आहे. झाडी मात्र किती वाढलीय! पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार यांनी इथे 'कमवा आणि शिका' योजना रुजवली. माझा नवरा त्याच योजनेतला. सकाळी विद्यापीठाच्या बागेत काम, मग वर्ग, संध्याकाळी ग्रंथालय. शिरोळ तालुक्यातल्या दीड एकरवाल्या शेतकऱ्याचा हा मुलगा एम.एस्सी. झाला, तो या योजनेमुळे. ज्या वाफ्यांना पाणी घालायचा तिथे तो मुलांना घेऊन गेला आणि बराच वेळ बोलत राहिला. एरवी तो एवढं बोलत नाही.

माझं जेवण मात्र घरून, आजऱ्याहून यायचं. आई पहाटे उठून भाकरी, झुणका, कधी अंबाडीची भाजी डब्यात भरायची आणि वडील तो एसटीत ठेवायचे. कोल्हापूरच्या मध्यवर्ती बसस्थानकावर गाडी लागली की आम्ही पोरी डबे उतरवून घ्यायला धावायचो. झाकणावर ऑईलपेंटने नाव लिहिलेलं असायचं. कंडक्टरमामा ओळखायचे, "तुझा आज जड हाय गं, पोळ्या हायत वाटतं," म्हणायचे. त्या डब्याचं भाडं किती होतं ते आठवत नाही. डबा चुकल्याचंही आठवत नाही. गावोगावच्या अशा किती आयांनी चुलीपाशी बसून पदवीधर घडवले असतील! त्यांची नावं कुठल्याही कोनशिलेवर नाहीत. माझ्या लेखी आप्पासाहेबांच्या योजनेइतकंच त्यांचंही काम मोठं आहे.

संध्याकाळी रंकाळा तलावावर भेळ खाताना थोरलीने पुढच्या वर्षीच्या कॉलेजांची यादी काढली आणि प्रत्येक नावापुढे हॉस्टेल आहे का, मेस कशी आहे, ते लिहायला घेतलं.

कोल्हापुरातली जुनी बोर्डिंगं ही नुसती स्मारकं नाहीत. प्रिन्स शिवाजी मराठा बोर्डिंग हाऊस ही 1920 ची संस्था आज न्यू कॉलेजसारखी महाविद्यालयं चालवते, नावात बोर्डिंग कायम ठेवून. तुम्ही अंबाबाईच्या दर्शनाला आलात, मिसळ खाल्लीत, चपला घेतल्यात, की तासभर दसरा चौकासाठीही ठेवा. मुलं बरोबर असतील तर त्यांना नक्की न्या. आणि तुमच्या गावातलं एखादं पोर शहरात शिकायला निघालं असेल, तर त्याला फीच्या आधी विचारा, बाळा, राहणार कुठं, जेवणार काय?